मासा कुठे लागतो, कोणता टाळावा?

मे महिन्यात नाथसागराचे पाणी मागे सरकते आणि काठावर गळ टाकून बसणाऱ्यांची संख्या वाढते. पाणी आटलेले, मासे एकवटलेले आणि शाळांना सुट्टी. अशा दिवसांत दोन प्रश्न हमखास निघतात. मासा कुठे लागेल? आणि लागलेला मासा खायला चांगला आहे का? दोन्हींच्या उत्तराची सुरुवात एकाच गोष्टीपासून होते, ती म्हणजे पाण्यात विरघळलेला प्राणवायू.

पैठणजवळ गोदावरीवर बांधलेल्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. धरणामागचा नाथसागर आपल्या शेवगाव आणि शेजारच्या नेवासे तालुक्याच्या हद्दीपर्यंत पसरला आहे. त्याची लांबी सुमारे ५५ किलोमीटर, पण पसाऱ्याच्या मानाने खोली बेताची. असे उथळ पाणी उन्हाळ्यात लवकर तापते.

पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. आपण श्वासात घेतो त्या एक लिटर हवेत तो अडीचशे मिलिग्रॅमहून जास्त असतो. म्हणजे मासा कायमच तुटीत जगतो. त्यात पाणी तापले की त्याच्या शरीराची प्राणवायूची गरज वाढते आणि पुरवठा मात्र घटतो.

दिवसा पाण्यातले शेवाळ सूर्यप्रकाशात प्राणवायू सोडते. रात्री तेच शेवाळ प्राणवायू वापरते. त्यामुळे साचलेल्या, हिरव्यागार पाण्यात पहाटे प्राणवायूची पातळी सर्वांत खाली असते. गुदमरलेला मासा आमिषाकडे फिरकत नाही. अशा ठिकाणी भल्या पहाटे ताटकळण्यापेक्षा ऊन वर आल्यावर गळ टाकलेला बरा. ज्या काठावर वाऱ्याने लाटा आपटतात तिथे पाण्यात हवा मिसळते, तरंगणारे खाद्यही तिकडेच लोटले जाते. रोहू, कटला, मृगळ यांच्यासाठी कणकेचा गोळा लावून बसायचे तर असा काठ निवडावा.

मिशांच्या माशांची गोष्ट वेगळी. शिवडा आणि शिंगाळा अंधार पडल्यावर शिकारीला निघतात. डोळ्यांपेक्षा त्यांच्या मिशांना वास आणि चव जास्त कळते, म्हणून गढूळ पाण्यातही गांडुळाचे किंवा लहान माशाचे आमिष त्यांना सापडते. मरळ आणि शिंगी हे मासे तर थेट वर येऊन हवा घेतात. त्यामुळे इतर मासे तग धरत नाहीत अशा चिखलाच्या डबक्यातही ते जगतात. पावसाळ्यात मात्र लालसर पिलांचा पुंजका दिसला तर तिथे गळ टाकू नये. मरळीची जोडी पिलांची राखण करत असते. जोडी पकडली की पुंजका इतर माशांच्या तोंडी जातो.

आता खाण्याचे. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडझाप करताना दिसले, की पाण्यात प्राणवायू संपत आला आहे असे समजावे. त्यानंतर मेलेले मासे तरंगू लागतात आणि काहीजण ते पोत्यात भरतात. तसे करू नये. मासा प्राणवायूअभावी मेला, की पाण्यात कुणी कीटकनाशक टाकले, हे बघून कळत नाही. शिवाय चाळीस अंशांच्या उन्हात मेलेला मासा काही तासांत सडू लागतो. जिवंत पकडलेला मासाही लगेच साफ करून बर्फात ठेवावा. लालभडक कल्ले, चमकदार फुगीर डोळे आणि बोटाने दाबल्यावर पूर्ववत होणारे मांस, ही ताज्या माशाची ओळख.

साफ करताना पित्ताशय, म्हणजे ती हिरवी पिशवी, काढून फेकावी. दमा, मधुमेह किंवा नजर सुधारेल म्हणून रोहू-कटल्याचे पित्त कच्चे गिळण्याची समजूत काही ठिकाणी आहे. ती जिवावर बेतू शकते. या माशांच्या पित्तातला विषारी घटक आधी उलट्या-जुलाब करतो, मग यकृताला सूज आणतो आणि दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडे निकामी करू शकतो. शिजवल्याने तो नष्ट होत नाही. कुणी पित्त घेतलेच असेल तर लघवी कमी होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि काय खाल्ले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. वेळेत उपचार आणि गरज पडल्यास डायलिसिस मिळाले, तर बहुतेक रुग्णांची मूत्रपिंडे पुन्हा काम करू लागतात.

दुसरी इजा काट्याची. शिंगीच्या छातीजवळच्या काट्यात विष असते आणि तो रुतला की हात ठणकतो. जखम स्वच्छ धुऊन ४५ अंशांपर्यंत गरम, म्हणजे सोसवेल इतक्याच पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवली तर वेदना उतरतात. पाणी किती गरम आहे ते आधी दुसऱ्या हाताने बघावे, कारण बधिर झालेला हात भाजल्याचे कळत नाही. जखमेवर हळद, चुना किंवा तंबाखू दाबू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. काट्याचा तुकडा आत राहिला, लाली चढत गेली किंवा ताप आला तर उशीर करू नये. मधुमेहींनी तर लहान टोचणीही डॉक्टरांना दाखवावी.

सर्वांत मोठा धोका मात्र वाऱ्याचा आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस दुपारनंतर वळवाचे ढग अचानक चढतात. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यात कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. मोठ्या बोटीची ही गत, तर थर्माकोलच्या तराफ्याचे किंवा ट्यूबचे काय? पाण्यात उतरणाऱ्याने लाइफ जॅकेट घालावे. ते नसेल तर झाकण घट्ट लावलेले रिकामे कॅन अंगाला बांधावेत. दारू पिऊन पाण्यात जाऊ नये. आभाळ गडद झाले की जाळे अर्धवट सोडून काठ गाठावा.

नाथसागर हे १९८६ पासून पक्षी अभयारण्यही आहे, म्हणून मासेमारीपूर्वी परवान्याची चौकशी करावी. जाळे पुन्हा टाकता येते. घरी वाट पाहणाऱ्यांना माणूस हवा असतो, मासा नंतर.