बारा टक्के उजेड

ओशे सिबली ब्रुकलिनमधल्या एका पेट्रोल पंपावर मारला गेला, २९ जुलै २०२३ ला. गाडीत पेट्रोल भरून होईपर्यंत तो मित्रांबरोबर बियॉन्सेच्या गाण्यांवर व्होग हा नाच करत होता. कुणाला तरी ते खुपलं, बाचाबाची झाली, चाकू निघाला. वय २८, पेशा नाच. काळा आणि समलिंगी. पंपाच्या लख्ख दिव्यांखाली नाचण्याची ही किंमत डोक्यातून जाईना, म्हणून त्याच शहरातल्या एका तालमीला जाऊन बसले.

खोलीत बामाचा उग्र वास. नर्तक तिशी ओलांडलेला, बॉलमध्ये, म्हणजे व्होगच्या स्पर्धांमध्ये, वाढलेला. या बॉलच्या जगात १९७० च्या दशकात हार्लेममधल्या काळ्या आणि लॅटिनो क्वीअर पोरांनी ‘हाउस’ उभी केली, घरून हाकललेल्यांना ‘मदर’ मिळवून दिली, आणि पुढे नाचूनच एकमेकांशी भांडायची रीत पाडली. तिथला डिप म्हणजे एक पाय मुडपून पाठ थेट जमिनीवर, दुसरा पाय हवेत. ‘द हा डान्स’ या १९९१ च्या ट्रॅकमध्ये दर चौथ्या ठोक्याला जो धडाका होतो, नेमका त्यावर. समेवर यावं तसं.

इथे तालमीत संगीतच काढून टाकलंय. पडणं लांबवत नेलंय, इतकं की मांडी थरथरते, घाम हनुवटीवरून टपकतो. बॉलमध्ये या क्षणी सभागृह किंचाळलं असतं. आम्ही तिघं-चौघं नुसते बघतोय.

पाठ टेकते. तो उठतो, गुडघ्याला बाम चोळतो. “पुन्हा.”

प्रकाशयोजनेवाली वैतागलेली. “बारा टक्क्यांवर चेहरा दिसत नाही.”

“ठाऊक आहे. बाराच ठेव. आणि प्रेक्षकांवरचे दिवे पूर्ण.”

म्हणजे तिकीट काढून आलेले झगझगीत उजेडात, आणि हा बारा टक्क्यांत.

नृत्यदिग्दर्शक ट्रॅजल हॅरेलने २००९ पासून नृत्यप्रयोगांची एक अख्खी मालिका केली: १९६३ मध्ये हार्लेमचा व्होगर डाउनटाउनच्या जडसन चर्चमध्ये, तिथल्या प्रयोगशील नर्तकांत नाचायला आला असता तर? प्रश्न हुशार आहे. थिएटरवाले मात्र त्यातून एवढंच शिकलेले दिसतात, की असे नर्तक मंचावर असले की माहितीपत्रक सजतं. दिसणं कुणाच्या अंगाशी येतं, ते पत्रकात नसतं.

इथेही फोटोसाठी आयोजकांना भरपूर उजेड हवा होता. बारा टक्क्यांत जाहिरात होत नाही. नर्तकाने हरकत घेतली नाही. त्या तासाचं बिल वेगळं लावलं.