बंदुका मायदेशी ठेवून गेलेली फौज

ऑस्ट्रेलियाच्या फौजेचं नाव निघालं की आपल्याकडे कुणाला गॅलिपोली आठवते, कुणाला फार तर व्हिएतनाम. याच फौजेने १९९७ ते २००३ या काळात अशा एका मोहिमेत काम केलं, जिथे शिपायापासून ब्रिगेडियरपर्यंत कुणाच्याही कमरेला साधं पिस्तूल नव्हतं. बारा भानगडींनी पेटलेल्या बेटावर निःशस्त्र सैनिक पाठवायचे, हे ऐकायला भाबडं वाटतं. प्रत्यक्षात त्यामागचा हिशेब चांगलाच रोखठोक होता.

बेटाचं नाव बोगनव्हिल. आपल्या कुंपणावरच्या बोगनवेलीला ज्या फ्रेंच दर्यावर्दीचं नाव मिळालं, त्याचंच नाव या बेटालाही आहे. पापुआ न्यू गिनीचा हा पूर्वेकडचा प्रांत. बेटावरच्या डोंगरात पांगुना इथे तांब्याची अवाढव्य उघडी खाण १९७२ मध्ये सुरू झाली आणि ती चालवणारी कंपनी ऑस्ट्रेलियाशी बांधलेली होती. जमीन गेली, नद्या गाळाने भरल्या आणि पैसा बाहेर गेला. १९८८ च्या अखेरीस फ्रान्सिस ओना या खाणीतल्याच माजी कर्मचाऱ्याने बंड पुकारलं आणि पुढच्या मे महिन्यात खाण बंद पडली. सरकारने सैन्य पाठवलं, १९९० मध्ये बेटाची नाकेबंदी केली. गोळीने मेले त्यांच्याबरोबर औषधावाचून मेलेलेही धरले, तर बळींचा आकडा हजारांत जातो. बेटावरचेच काही लोक सरकारच्या बाजूने उभे राहिले, त्यामुळे गावागावांत भाऊबंदकीचं युद्धही जुंपलं.

ऑस्ट्रेलियाची अडचण इथेच होती. १९७५ पर्यंत पापुआ न्यू गिनीवर राज्य त्यांचं, खाणीत भांडवल त्यांचं, आणि सरकारी फौजेने बंडखोरांविरुद्ध वापरलेली हेलिकॉप्टरंही त्यांनीच दिलेली. अशा देशाचा हत्यारबंद सैनिक दारात आला, तर त्याला पंच कोण मानणार? १९९४ मध्ये हत्यारबंद पहाऱ्याचा प्रयोग एकदा फसलाही होता. आरावा गावात शांतता परिषद भरवली, फिजी, टोंगा आणि वानुआटूचे सशस्त्र सैनिक तिच्या रक्षणाला ठेवले, सगळी व्यवस्था ऑस्ट्रेलियाने पाहिली. पण बंडखोरांचे बडे नेते आलेच नाहीत.

१९९७ मध्ये दोन्ही बाजू थकल्या होत्या. न्यूझीलंडमधल्या बर्नहॅम इथल्या लष्करी छावणीत बोलणी झाली, ऑक्टोबरात तात्पुरता युद्धविराम ठरला. त्यावर नजर ठेवायला आलेल्या पहिल्या गटाचं नेतृत्व मुद्दाम न्यूझीलंडकडे दिलं गेलं आणि ऑस्ट्रेलियन त्यात मदतनीस राहिले. ३० एप्रिल १९९८ ला आरावात कायमच्या शस्त्रसंधीवर सह्या झाल्यावरच सूत्रं ऑस्ट्रेलियाकडे आली. पहिले प्रमुख ब्रिगेडियर ब्रूस ऑस्बर्न. मोहिमेचं नाव होतं ‘बेल इसी’, तिथल्या टोक पिसिन बोलीत शांती. सोबत न्यूझीलंड, फिजी आणि वानुआटूचे लोक होते. भर असताना सगळे मिळून तीनशेच्या आसपास माणसं होती आणि त्यांत सैनिकांबरोबर ऑस्ट्रेलियाच्या सरकारी खात्यांतले नागरी कर्मचारीही होते.

बंदूक नसणं नेमकं काय काम करतं, ते एका फेरीच्या चालीवरून कळतं. निरीक्षकांची ठाणी बुका, वाकुनाई, आरावा, बुइन, टोनू अशी बेटभर पसरलेली. रसद मात्र लोलोहोच्या जुन्या खाण-बंदरावरून यायची. ठाण्यातून चार-पाच जणांची तुकडी निघते. अंगात पिवळा टी-शर्ट, डोक्यावर पिवळी टोपी. सैनिक एरवी झाडीत मिसळून जाण्याचा प्रयत्न करतो. इथे लांबूनच दिसावं असा बेत. गाडी जाते तिथवर गाडी, पुढे पायी. तुकडीत शक्यतो एक बाई असतेच आणि फिजी किंवा वानुआटूचा एखादा माणूस असतो. वानुआटूची बिस्लामा ही टोक पिसिनची जवळची बहीण, त्यामुळे त्याला दुभाषा लागत नाही. शिवाय तो गावकऱ्यांसारखाच दिसतो, प्रार्थनेला उभा राहतो आणि गातो.

गावात शिरल्या शिरल्या प्रश्नांची सरबत्ती करायची नाही. आधी मुखियाला भेटायचं, मग झाडाच्या सावलीत बसायचं. सुपारी पुढे येते. तिथे तिच्यासोबत विड्याचं पान नसतं, त्याच वेलीची शेंग चुन्यात बुडवून चावतात. ओठ लाल होईपर्यंत गप्पा बागेच्या, पावसाच्या, शाळेच्या छपराच्या. मुद्द्याची गोष्ट निघायला कधी दोन तास, कधी दुसरी भेट. घाई असलेल्या अधिकाऱ्याची इथे परीक्षाच असे. पुरुष बोलून झाले की तुकडीतली बाई गावातल्या बायकांकडे जाते, आणि खरी माहिती पुष्कळदा तिथूनच मिळते. बेटाच्या बहुतेक भागांत जमिनीचा वारसा आईकडून चालतो. बायकांचं म्हणणं तिथे वजनदार असतं.

आता याच प्रसंगात रायफली घालून पाहा. रायफल आली की पहारा आला, पहारा आला की अंतर आलं. रात्री गावात मुक्काम करण्याऐवजी तारेच्या कुंपणाआड परतणं आलं. आणि कुठल्या तरी तरुणाला ती रायफल हिसकवावीशी वाटणं आलं. निःशस्त्र माणूस गावाचा पाहुणा होतो आणि पाहुण्याला इजा झाली तर नाचक्की यजमानाची. संरक्षणाची जबाबदारी अशी परस्पर गावकऱ्यांवर आणि दोन्हीकडच्या म्होरक्यांवर टाकलेली होती. त्यांनी करारात ती लिहून दिलेलीही होती. या सगळ्या वर्षांत शत्रूच्या गोळीने एकही निरीक्षक मेला नाही.

फेरीचा उपयोग दुहेरी. अफवा पसरली की ‘सैन्य परत येतंय’, तर ती खरी की खोटी हे प्रत्यक्ष जाऊन पाहायचं आणि शेजारच्या गावाला सांगायचं. युद्धविराम मोडल्याची तक्रार आली की दोन्ही बाजूंना भेटून चौकशी करायची. कराराचा मजकूर टोक पिसिनमध्ये छापून वाटायचा. तह मात्र निरीक्षकांनी लावायचा नाही. डुक्कर कापून, शंखांचे पैसे देऊन, धनुष्यबाण मोडून गावागावांतले समेट लोकच करत. पिवळ्या टोपीवाले साक्षीला बसत, कधी माणसांची ने-आण करत.

सगळ्यात अवघड काम हत्यारांचं. बंडखोरांकडे हिसकावलेल्या रायफली होत्या, तशाच दुसऱ्या महायुद्धातल्या गंजक्या बंदुका उकरून घासूनपुसून चालत्या केलेल्या, आणि नळकांड्यांपासून घरी घडवलेल्याही. त्या ‘जमा करा’ म्हटलं तर कोण करणार? २००१ मध्ये ठरलेली युक्ती तीन पायऱ्यांची. आधी प्रत्येक तुकडीने हत्यारं स्वतःच्याच म्होरक्याच्या ताब्यातल्या पेट्यांत ठेवायची. मग त्या पेट्या मोठ्या कंटेनरमध्ये जायच्या. कंटेनरला दोन कुलुपं, एक किल्ली म्होरक्याकडे, दुसरी संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीकडे. एकट्याला उघडता येणार नाही. हत्यारांचं शेवटी करायचं काय, हा निर्णय तिसऱ्या पायरीवर. खरी मेख अशी की बोगनव्हिलला द्यायच्या स्वायत्ततेसाठी केलेली घटनादुरुस्ती अमलात यायची ती दुसरी पायरी पुरी झाल्याचं संयुक्त राष्ट्रांनी सांगितल्यावरच. म्हणजे बंदूक पेटीत टाकणाऱ्याला बदल्यात काय मिळणार ते डोळ्यांसमोर होतं, आणि सरकारलाही वचन मागे घ्यायला जागा उरली नाही. काही ठिकाणी कंटेनर फोडून हत्यारं पळवली गेली, तरीही जमा झालेली हत्यारं दोन हजारांच्या घरात गेली आणि बहुतेक सगळी पुढे नष्ट केली.

उणिवाही ठसठशीत होत्या. निरीक्षक तीन-चार महिन्यांत बदलायचे; नव्या माणसाला तीच कर्मकहाणी पुन्हा सांगताना गावकरी वैतागत. फ्रान्सिस ओना तर शेवटपर्यंत करारात आलाच नाही. पांगुनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याच्या माणसांचा नाका होता आणि त्यापलीकडे निरीक्षक जात नसत. निःशस्त्र असण्याची किंमत म्हणजे हीच. जिथे यजमान नको म्हणतो तिथे जाता येत नाही. ज्या खाणीपायी सगळं झालं, नेमका तोच भाग पाच वर्षं नजरेबाहेर राहिला.

३० जून २००३ ला गट मागे घेतला, डिसेंबरपर्यंत थोडे नागरी कर्मचारी तेवढे मागे राहिले. २००५ मध्ये स्वायत्त सरकार निवडलं गेलं, २०१९ च्या सार्वमतात सुमारे ९८ टक्के मतं स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. पण सार्वमत बंधनकारक नव्हतं, त्यामुळे पुढचं सगळं पुन्हा बोलण्यांवर आलं.

ऑस्ट्रेलियाने यातून ‘बंदूक नकोच’ असा धडा मात्र घेतला नाही, आणि माझ्या मते ते बरोबरच झालं. बोगनव्हिल सोडल्यावर महिन्याच्या आत, २४ जुलै २००३ ला, ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने दुसरी मोहीम शेजारच्या सॉलोमन बेटांवर उतरली. तिथे पोलीसच फुटलेले, सरकारला धमकावून पैसे उकळणाऱ्या टोळ्या मोकाट. दोन बाजूंनी मिळून पंच बोलावण्याऐवजी सरकारनेच मदतीची हाक दिली होती, आणि पाहुण्याची जबाबदारी घेईल असा यजमान टोळ्यांमध्ये कुणी नव्हता. त्या वेळी मोहिमेतल्या पोलिसांच्या पाठीशी उभे राहायला गेलेले सैनिक पूर्ण हत्यारबंद होते.