बहुकार्यी लढाऊ विमान आणि वजनाचा हिशेब

नाशिकजवळील ओझर आणि पुण्याजवळील लोहगाव ही दोन ठिकाणे नकाशावर सरळ रेषेने जोडली, तर त्या रेषेच्या थोडे पश्चिमेस, सह्याद्रीच्या कड्यावर, घोड नदीच्या उगमापाशी आंबेगाव तालुक्यातील आहुपे हे गाव येते. ओझर येथे १९६४ मध्ये मिग विमानांचा कारखाना स्थापन झाला. सुखोई-३० एमकेआय हे विमान २७ सप्टेंबर २००२ रोजी लोहगाव येथे वायुदलात दाखल झाले. ती पहिली विमाने रशियात बांधलेली होती, आणि २००४ पासून ओझरची विमाने येऊ लागली. आहुप्याहून लोहगाव हवाई मार्गाने सुमारे ७५ किलोमीटर आहे. ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या या विमानास त्यासाठी पाच मिनिटे पुरतात.

शत्रूचे विमान अडविणे, जमिनीवरील लक्ष्यावर मारा करणे व समुद्रावरील जहाज बुडविणे अशी भिन्न कामे एकाच सांगाड्याकडून करून घ्यावयाची, म्हणून अशा विमानास बहुकार्यी म्हणावयाचे. या संज्ञेने बराच गैरसमज होतो. सर्व कामे एकाच उड्डाणात सारख्याच कुशलतेने होतील, असा तिचा अर्थ नव्हे.

रिकाम्या सुखोईचे वजन सुमारे १८ टन, तर इंधन व शस्त्रांसह उड्डाणाच्या वेळी ते ३८ टनांहून अधिक असू शकते. दोन्ही इंजिनांचा पश्चज्वलनासह रेटा मिळून सुमारे २५ टन होतो. म्हणजे एकूण वजन २५ टन असता रेटा वजनाइतका असतो. पूर्ण भार घेतल्यावर तो वजनाच्या दोनतृतीयांशाहूनही कमी पडतो. पंखांचे क्षेत्रफळ मात्र दोन्ही वेळा तेच, सुमारे ६२ चौरस मीटर.

याचा परिणाम वळणावर दिसतो. सेकंदाला २५० मीटर वेगाने, गुरुत्वाच्या पाचपट भार सोसून घेतलेल्या सपाट वळणाची त्रिज्या सुमारे १,३०० मीटर येते. या सूत्रात वस्तुमान येत नाही, हे खरे. परंतु पंखांना उचलावा लागणारा भार २५ टनी विमानात १२५ टन, तर ३८ टनी विमानात १९० टन होतो. म्हणून भार वाढेल तशी वळणाची अनुज्ञेय मर्यादा खाली आणावी लागते.

रचनाकारांनी या अडचणीवर जे उपाय योजले, त्यांत चपळाईचे मूळ अस्थैर्यात आहे, ही गोष्ट प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. स्थिर विमान विचलित झाल्यास आपोआप पूर्वस्थितीवर येते, आणि म्हणूनच ते वळण्यास नाखूष असते. सुखोई हेतुपुरस्सर अस्थिर ठेवले असून त्याचा तोल वैमानिक नव्हे, तर विद्युत्-नियंत्रणाची चौपदरी यंत्रणा सांभाळते. मुख्य पंखांच्या पुढील छोटे अग्रपंख नाक अधिक वर उचललेल्या स्थितीत हवेचा प्रवाह पंखांवर टिकवून धरण्यास मदत करतात. इंजिनांची नोझले १५ अंशांपर्यंत वर-खाली कलतात; मात्र त्यांच्या हालचालीचे अक्ष उभ्या पातळीपासून ३२ अंशांनी तिरके बसविलेले असल्यामुळे दोन नोझले वेगवेगळी कलविली असता आडवे वळणही साधते. एकाच पातळीतील हालचालीतून दोन कामे काढण्याची ही युक्ती, माझ्या मते, संपूर्ण विमानातील सर्वांत सुंदर गोष्ट होय. वेग मंदावून पृष्ठभागांची सुकाणूशक्ती क्षीण होते, तेव्हा तिचे महत्त्व कळते.

बार्स या रडारचा किरण इलेक्ट्रॉनीय पद्धतीने फिरतो. ते एका वेळी पंधरा हवाई लक्ष्यांवर नजर ठेवून चारांवर मारा साधते. ही माहिती हाताळण्यासाठी मागील आसनावर दुसरा अधिकारी असतो. त्या आसनाचेही वजन असतेच!

ब्रह्मोस क्षेपणास्त्राने हा हिशेब अगदी उघडा पाडला. हवेतून सोडावयाचे ब्रह्मोस सुमारे अडीच टनांचे. ते पोटाखाली टांगण्यासाठी ओझर येथे विमानाचा सांगाडा बळकट करण्यात आला. २५ जून २०१६ रोजी तेथेच क्षेपणास्त्रासह पहिले उड्डाण झाले आणि २२ नोव्हेंबर २०१७ रोजी बंगालच्या उपसागरावर ते प्रथम सोडण्यात आले. असे क्षेपणास्त्र एका विमानाला एकच नेता येते. ते सुटेपर्यंत सुखोई हे प्रामुख्याने वाहक असते. सुटल्यानंतर अडीच टनांनी हलके होऊन ते पुन्हा झुंजीस मोकळे होते, मात्र त्यासाठी जोडलेला सांगाड्याचा अधिक भार प्रत्येक उड्डाणात त्याच्याबरोबरच राहतो.