ज्या फ्रेंच खेळाडूमुळे गोवा आणि मुंबई आशियात पोहोचले, तो स्वतः तिथे का दिसला नाही?

१४ एप्रिल २०२१. मडगावजवळच्या फातोर्डा स्टेडियमवर एफसी गोवाचा संघ उतरला होता. समोर होता कतारचा अल-रय्यान क्लब आणि त्यांचा प्रशिक्षक होता लॉरां ब्लां, म्हणजे १९९८ चा वर्ल्डकप जिंकलेल्या फ्रान्सच्या संघाचा बचावपटू. एएफसी चॅम्पियन्स लीगच्या साखळी फेरीत भारतीय क्लब खेळण्याची ही पहिलीच वेळ. सामना ०-० असा सुटला आणि गोव्यात जल्लोष झाला.

पण ज्या सिझनच्या जोरावर गोव्याला हे तिकीट मिळालं, त्या सिझनचा हिरो मैदानात नव्हता. तो कधीच मुंबईकर झाला होता.

त्याचं नाव ह्युगो बुमूस. पुढच्या वर्षी हीच गोष्ट मुंबईच्या बाबतीत घडली आणि नंतर कोलकात्याच्या बाबतीतही. असं का झालं, हे समजून घ्यायचं तर आयएसएलचे काही नियमही समजून घ्यावे लागतात.

आधी फ्रान्समधून कोण यायचं?

२०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली तेव्हा प्रत्येक संघात एक 'मार्की' खेळाडू असणं बंधनकारक होतं. मार्की म्हणजे ज्याच्या नावावर तिकिटं खपतील असा मोठा खेळाडू. एफसी गोवाने रॉबेर पिरेसला आणलं. १९९८ चा वर्ल्डकप, २००० चा युरो कप आणि आर्सेनलसोबत एकही सामना न हरता जिंकलेली २००३-०४ ची प्रीमियर लीग, एवढं सगळं नावावर असलेला हा मिडफिल्डर. फक्त वय चाळीस पार.

त्याच वर्षी एफसी पुणे सिटीने डेव्हिड ट्रेझेगेला आणलं. २००० च्या युरो फायनलमध्ये इटलीविरुद्ध पिरेसने पास दिला आणि ट्रेझेगेने गोल्डन गोल मारला, ती ही जोडी. जुन्नर, आंबेगावपासून थेट पुणे शहरापर्यंतच्या फुटबॉलवेड्यांना युरो चॅम्पियन बघायला परदेशात जायची गरज उरली नाही. पुणे-नाशिक रस्ता धरून बालेवाडी गाठलं की झालं.

गर्दी जमली, फोटो निघाले. पण पिरेस एका सिझननंतर परतला आणि ट्रेझेगेही पुण्यात एकच सिझन राहिला. कारकीर्द संपवून आलेल्या खेळाडूभोवती संघ बांधता येत नाही, हे क्लबांच्या लक्षात आलं. २०१७-१८ पासून मार्कीची सक्ती गेली. मग क्लब वेगळ्या प्रकारचे परदेशी खेळाडू शोधू लागले. नाव छोटं चालेल, पण पायात दम हवा. याच बदलात बुमूस भारतात आला.

दुसऱ्या डिव्हिजनमधला मुलगा

२४ जुलै १९९५ ला फ्रान्समधल्या रेन शहरात त्याचा जन्म झाला. घराण्याची मुळं मोरोक्कोत. फ्रान्सच्या दुसऱ्या डिव्हिजनमधल्या लावाल क्लबकडून तो खेळला, मग मोरोक्कोच्या मोगरेब तेतुआन क्लबकडे गेला. जानेवारी २०१८ मध्ये एफसी गोवाने त्याला घेतलं तेव्हा तो फक्त २२ वर्षांचा होता. पिरेसच्या वेळी विमानतळावर गर्दी झाली असेल, बुमूसचं नाव मात्र बहुतेकांना गुगल करावं लागलं.

गोव्याचे स्पॅनिश प्रशिक्षक होते सर्जिओ लोबेरा. बॉल आपल्याकडे ठेवायचा, छोटे पास द्यायचे आणि हल्ला करायचा, अशी त्यांची पद्धत. या पद्धतीत मधल्या फळी आणि स्ट्रायकरच्या मधोमध खेळणारा माणूस सगळ्यात महत्त्वाचा. तो वळला की हल्ला वळतो. बुमूस नेमका याच जागेचा खेळाडू.

२०१९-२० मध्ये त्याने ११ गोल केले आणि १० गोलांना शेवटचा पास दिला. लीगचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. गोव्याने १८ सामन्यांत ३९ गुण मिळवून साखळीत पहिला नंबर पटकावला. त्याच वर्षीपासून साखळीत अव्वल येणाऱ्या संघाला शील्ड आणि चॅम्पियन्स लीगचं तिकीट द्यायला सुरुवात झाली होती. गोव्याला दोन्ही मिळालं.

मग तो मुंबईला कसा गेला?

इथे दोन गोष्टी एकत्र आल्या.

पहिली, लोबेरा. साखळी संपायच्या आधीच, जानेवारी २०२० च्या अखेरीस गोव्याने त्यांना पदावरून काढलं.

दुसरी, मुंबईत आलेला पैसा. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटी एफसीचा ६५ टक्के हिस्सा घेतला. त्याच वर्षी एफसी पुणे सिटी बंद पडला आणि त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला. म्हणजे आयएसएलमध्ये महाराष्ट्राचा एकच संघ उरला, तो मुंबईचा.

मुंबईने लोबेरांना आणलं आणि त्यांच्यापाठोपाठ गोव्याचा अर्धा कणाच उचलला. मुर्तदा फॉल, अहमद जाहू, मंदार राव देसाई आणि बुमूस. बुमूसचा गोव्याशी करार बाकी होता, पण त्यात 'रिलीज क्लॉज' होता. म्हणजे ठरलेली रक्कम दुसऱ्या क्लबने भरली आणि खेळाडू तयार असला, तर मूळ क्लब त्याला अडवू शकत नाही. ही रक्कम सुमारे १ कोटी ६० लाख रुपये असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या.

कोरोनामुळे २०२०-२१ ची अख्खी लीग गोव्यातच, बंद दाराआड झाली. मुंबईने साखळीत पहिला नंबर मिळवला, सेमी फायनलमध्ये गोव्यालाच पेनल्टीवर हरवलं आणि १३ मार्च २०२१ च्या फायनलमध्ये एटीके मोहन बागानला २-१ ने नमवलं. शेवटच्या मिनिटाला गोल मारला बिपिन सिंगने. मुंबईची ही पहिली शील्ड आणि पहिलीच आयएसएल ट्रॉफी.

त्या फायनलनंतर साधारण महिनाभराने गोवा अल-रय्यानशी खेळला, बुमूसशिवाय.

पुन्हा तेच, पुन्हा तेच

मुंबईच्या शील्डमुळे मुंबईला २०२२ च्या चॅम्पियन्स लीगचं तिकीट मिळालं. ११ एप्रिल २०२२ ला मुंबईने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ ने हरवलं. चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब. पण बुमूस २०२१ मध्येच कोलकात्याला, एटीके मोहन बागानकडे गेला होता. पहिल्याच आयएसएल सामन्यात त्याने केरला ब्लास्टर्सविरुद्ध दोन गोल मारले. मार्च २०२३ मध्ये मोहन बागानने बेंगळुरूला पेनल्टीवर हरवून आयएसएल ट्रॉफी जिंकली, तेव्हा तो संघात होता. आशियातली दुय्यम स्पर्धा, एएफसी कप, तो या क्लबकडून खेळला. पण शील्ड जिंकून मिळणारं तिकीट पुन्हा हुकलं. यावेळी कारण होतं एक आकडा.

सहाचा आकडा

२०२१-२२ पासून आयएसएल क्लबला जास्तीत जास्त सहा परदेशी खेळाडू नोंदवता येऊ लागले आणि मैदानात एका वेळी चारच. आधी मैदानात पाच चालायचे. भारतीय खेळाडूंना जास्त संधी मिळावी आणि आशियाई स्पर्धांच्या तेव्हाच्या नियमांशी जुळावं, हा हेतू. हेतू चांगलाच. पण परदेशी खेळाडूसाठी याचा अर्थ असा की तुमच्यासारखा सातवा माणूस आला, तर तुमच्यापैकी एकाला यादीतून बाहेर जावं लागणार. करार असला तरी.

जानेवारी २०२४ मध्ये मोहन बागानकडे अँटोनियो हबास प्रशिक्षक म्हणून आले. फिनलंडचा मिडफिल्डर जॉनी काउको संघात परतला आणि बुमूसचं नाव यादीतून निघालं. एप्रिलमध्ये मोहन बागानने मुंबईला हरवून शील्ड जिंकली. सिझनची सुरुवात बुमूसने खेळली होती, शेवट त्याला बाहेरून बघावा लागला. त्या उन्हाळ्यात तो ओडिशा एफसीकडे गेला. तिथे प्रशिक्षक कोण? लोबेरा. सोबत फॉल आणि जाहूही होतेच.

यातून काय कळतं?

शील्ड जिंकणारे तीन वेगवेगळे संघ. तिघांच्याही त्या सिझनमध्ये बुमूस खेळला आणि शील्डमधून मिळालेल्या आशियाई स्पर्धेत तिघांसाठीही तो नव्हता. एकदा रिलीज क्लॉज आड आला, एकदा नवा क्लब आणि एकदा परदेशी खेळाडूंची यादी.

यात कुणी खलनायक नाही. तिकीट एका सिझनमध्ये मिळतं आणि स्पर्धा त्यानंतर होते. मधल्या काळात भारतीय क्लबचा संघ एकत्र टिकत नाही. करार छोटे, प्रशिक्षक बदलते आणि चांगला खेळाडू दिसला की श्रीमंत क्लब रक्कम घेऊन तयार. त्यामुळे संघ जुळून येतो तोवर तो मोडायची वेळ झालेली असते.

पिरेस भारतात आला तेव्हा त्याचं सगळं जिंकून झालं होतं. बुमूस आला तेव्हा त्याला सगळं जिंकायचं होतं आणि भारतात मिळण्यासारखं जवळपास सगळं त्याने जिंकलं. पिरेसचं नाव आजही जास्त लोकांना माहीत आहे. पण गोवा आणि मुंबई आशियाच्या मोठ्या मैदानावर कशा पोहोचल्या हे कुणी विचारलं, तर उत्तरात रेन शहरातल्या या मुलाचं नाव घ्यावंच लागेल.