रात्रपाळी, मेलाटोनिन आणि लकवा

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे इथे रात्रभर जागणारे पुष्कळ: ट्रकचालक, ढाबेवाले, यंत्रमागावरचे कामगार. अंधार पडला की मेंदूतली वाटाण्याहून लहान पिनियल ग्रंथी मेलाटोनिन सोडते आणि शरीराला रात्र झाल्याचं कळतं. ढाब्यावरची ट्यूबलाइट किंवा मोबाइलचा पडदा तो स्राव दाबतो, आणि झोप बिघडते. शांत झोपेत रक्तदाब उतरतो. झोपच तुटकी असेल तर तो पुरेसा उतरत नाही. जोडीला तंबाखू, न तपासलेला मधुमेह असला, की तिशी-चाळिशीतही लकवा गाठू शकतो.

मग मेलाटोनिनची गोळी घेतली तर? लकवा टाळण्यासाठी ती उपयोगी असल्याचा भक्कम पुरावा नाही. झोपेचं वेळापत्रक बिघडलेल्यांना ती थोडीफार मदत करते, तीही डॉक्टरांना विचारून घ्यावी.

तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोबडी वळली, तर मालिश-काढ्यात वेळ दवडू नये. आणि घरातली अ‍ॅस्पिरिन तर मुळीच देऊ नये! लकवा गुठळीचा की रक्तस्रावाचा, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. रक्तस्राव असेल तर ती गोळी घात करते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. शिरपूर-साक्रीकडच्या खेड्यांतून निघणाऱ्यांनी वाटेतला वेळही त्यातच धरावा, आणि सीटी स्कॅनची सोय असलेलंच रुग्णालय गाठावं. पेशंट शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ आठवून ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.