ओट्याची उंची कोणाच्या मापाची?

नवे घर पाहायला जाणारी माणसे खिडकीतला देखावा पाहतात, नळाला पाणी किती तास येते ते विचारतात, देवघर कोणत्या दिशेला येईल याचीही चर्चा करतात. ओट्याची उंची मात्र कोणी मोजत नाही. बिल्डरने बांधून दिला तो ओटा आणि त्याच्याशी जमवून घ्यायचे ते घरातल्या बाईने, हे जणू ठरूनच गेले आहे.

चूल जमिनीवर होती तोवर वाकून, धुरात स्वयंपाक चाले. ओटा आला आणि बाई उभी राहिली. हा बदल लहान नव्हता. पण उभ्याने काम करायचे तर माप बेताचे हवे. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद स्त्रीने १९२६ साली फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखले, ते स्वयंपाकातल्या हालचालींचा आणि त्यांना लागणाऱ्या वेळेचा हिशेब करून. आजच्या मॉड्युलर किचनचे मूळ तिथे सापडते. आपण तिथली कपाटे घेतली. मापे घेण्याची सवय तेवढी राहून गेली.

हे माप सोपे आहे. सरळ उभे राहून कोपर काटकोनात दुमडावे. ओटा त्याच्या चार ते सहा इंच खाली असावा. आपल्याकडचा ओटा साधारण ३२ ते ३४ इंचांचा. भाजी चिरायला तो ठीक. पण त्यावर शेगडी आणि शेगडीवर कढई चढली की पाच फुटी बाईला पिठले घोटताना कोपर उचलूनच धरावे लागते. म्हणून शेगडीचा भाग थोडा खाली घ्यावा. ओट्याच्या बुडाशी पाऊल शिरेल एवढी तीन-चार इंचांची खाच ठेवावी. तिच्यावाचून पुढे झुकावे लागते आणि कंबर धरते.

आता दगड. कडप्पा आणि कोटा चुनखडीचे. लिंबू, चिंच, कोकम सांडले की डाग पडतो. ग्रॅनाइट आंबटाला दाद देत नाही. क्वार्ट्झच्या कृत्रिम दगडात राळ असते. तापलेली कढई थेट टेकवली तर तो करपतो. शिवाय तो कापताना उडणारी धूळ कामगाराच्या फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदी घातली. सिलिका ग्रॅनाइटमध्येही असते. तेव्हा दगड कोणताही असो, तो पाणी सोडूनच कापायला सांगावे.

कपाटांचा वैरी म्हणजे पाणी. सिंकखाली भुशाचे पार्टिकल बोर्ड फुगते. तिथे आयएस ७१० शिक्क्याचे मरीन प्लायवूड लावावे. सनमायकाचा रंग नंतर निवडता येतो.

कारागीर टेप घेऊन आला की भिंतीआधी स्वयंपाक करणाऱ्याचे कोपर मोजायला लावा. त्या वेळी घरातल्या पुरुषांनीही मापासाठी पुढे व्हायला हरकत नाही.