‘टार.जीझेड’ फाईल म्हणजे नेमकं काय? उघडण्याआधी हे बघून घ्या

लिनक्सवर एखादा मराठी फाँट किंवा सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला गेलं, की बऱ्याचदा ‘टार.जीझेड’ नावाची फाईल हाती पडते. डबल क्लिक केलं तरी सेटअप सुरू होत नाही. मग ‘फाईलच बिघडलीय’ म्हणून काही जण नाद सोडतात. फाईल बिघडलेली नसते, ते गाठोडं असतं.

निपाणीकरांना हे समजायला सोपं. तंबाखू बोदात भरणं आणि ती दाबून बसवणं, ही दोन वेगळी कामं. इथंही तसंच. ‘टार’ अनेक फाईली एकात बांधतो. नावं, तारखा, परवानग्या जपतो, पण आकार कमी करत नाही. ‘टेप आर्काइव्ह’वरून हे नाव पडलं. १९७९ च्या युनिक्समध्ये तो आला, तेव्हा फाईली चुंबकीय टेपवर साठवल्या जायच्या. दाबायचं काम ‘जीझिप’ करतो; तो १९९२ मध्ये आला.

आपल्या उपयोगाचं उदाहरण म्हणजे ‘लोहित देवनागरी’. रेड हॅट कंपनीनं २००४ मध्ये खुले केलेले लोहित फाँट अशा गाठोड्यातूनही मिळतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला अर्ज दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर भलतीच चिन्हं होऊन उघडतो. सीमाभागात मराठी कागदासाठी आधीच झगडावं लागतं. त्यात अक्षरंच उमटली नाहीत तर अर्ज वाचणार कोण? म्हणून युनिकोड फाँट बसवता येणं महत्त्वाचं.

गाठोडं सोडताना तीन गोष्टी पाळा. एक, मूळ संकेतस्थळावर ‘शा-२५६’ बेरीज दिली असेल तर ती जुळवा; उतरवताना फाईल अर्धवट राहिली असेल तर लगेच कळतं. दोन, आत काय आहे त्याची यादी आधी बघा. तीन, वेगळ्या फोल्डरमध्येच सोडा, नाहीतर त्याच नावाची आपली फाईल पुसली जाऊ शकते. फाँट फक्त आपल्यापुरता बसवायला ॲडमिन पासवर्ड लागत नाही.

मात्र डेबियन, उबंटू वापरत असाल तर आधी त्यांच्या भांडारात शोधा. तिथल्या ‘डेब’ पॅकेजच्या पोटातही टारच असतो. पण सोबत कशाला काय लागतं याची नोंद असते, काढून टाकणंही सोपं जातं. तिथं नसेल, तरच गाठोडं सोडायला घ्या.